कंट्रोल नंबर चार

मला कोणी विचारलं, "लॅबमध्ये काम करता म्हणजे नक्की काय करता?" की मी सांगते, "काळजी." लोक हसतात. मी खरंच सांगत असते! आणि काळजी करणाऱ्या माणसाकडे किस्से जास्त साठतात, कारण तो काही विसरत नाही. बाकीचे जेवून हात धुऊन मोकळे होतात, आपण मात्र "तेव्हा अमुक झालं असतं तर?" हे आठवडाभर घोळवत बसतो. माझ्याकडे असे बरेच साठलेत. त्यातले हे थोडे, सगळे एकाच बाईवरून झालेले. त्या बाईच्या जिवाला धोका होता. हे तिला माहीत नव्हतं, आम्हाला माहीत होतं, आणि आम्हाला तिचं नावच माहीत नव्हतं!

आधी आमची ओळख करून देते. डहाणूला स्टेशनपासून थोडं आत, एका बिल्डिंगच्या तळमजल्यावर आमचं छोटंसं संशोधन केंद्र आहे. आम्ही चौघंच. राऊत मॅडम त्वचेच्या डॉक्टर, अभ्यास त्यांचा. लताताई तलासरीच्या, पाड्यापाड्यावर जाऊन माणसं गोळा करणाऱ्या. हरेशभाई गाडी चालवतात, त्यांचं घर गुजरातच्या सीमेला लागून, त्यामुळे त्यांचं वाक्य मराठीत निघतं आणि कधीकधी गुजरातीत पोचतं. आणि मी ज्योती, टेक्निशियन.

काम काय, तर बुरशी. आमच्याकडे दमट हवा, वर्षभर घाम, कोणी भाताच्या चिखलात, कोणी चिकूच्या वाडीत, कोणी मासळीच्या पाण्यात. नायटा घरोघरी. कोणाचा मलमाने जातो, कोणाचा वर्षानुवर्षं जात नाही. तो का जात नाही, हे आम्ही त्या माणसाच्या रक्तात शोधतो. रक्तातल्या पांढऱ्या पेशी वेगळ्या काढायच्या, त्यांच्यापुढे मेलेली बुरशी ठेवायची आणि बघायचं, आतली कुठली जनुकं कामाला लागतात. धडधाकट माणसाच्या पेशी बुरशी दिसली की एकदम उठतात. कोणाच्या उठत नाहीत. ज्यांच्या उठत नाहीत, त्यांचं काय होतं ते पुढे येईलच.

•

अभ्यासाला दोन प्रकारची माणसं लागतात. एक, ज्यांना त्रास आहे. दुसरी, ज्यांना अजिबात नाही, म्हणजे तुलना करता येते. या दुसऱ्यांना आम्ही 'कंट्रोल' म्हणतो. तलासरीकडच्या एका पाड्यावर कॅम्प ठरला तेव्हा लताताईंनी फोनवर निरोप धाडला, "मंगळवारी सकाळी शाळेपाशी या. कंट्रोलसाठी धडधाकट माणसं पाहिजेत."

आता हे ऐकून शहरातल्या माणसाला काही वाटणार नाही. पण आमच्याकडे कंट्रोल म्हणजे रेशनचं दुकान! कंट्रोलचे तांदूळ, कंट्रोलची साखर, कितीतरी वर्षं लोक असंच बोलतात. लताताई स्वतः असंच बोलतात! पण लॅबमध्ये राहून राहून त्यांच्या डोक्यातला कंट्रोल बदलला होता आणि ते त्यांच्या लक्षात आलं नव्हतं.

गाडी पोचली तर शाळेपुढे ही मोठी रांग. प्रत्येकाच्या हातात रेशन कार्ड, काखेत पिशवी. सगळ्यांत पुढे एक आजोबा रिकामा कॅन घेऊन उभे. मॅडम खाली उतरल्या तसं त्यांनी विचारलं, "बाई, रॉकेल परत चालू झालं का?"

मॅडम लताताईंकडे बघतात, लताताई माझ्याकडे, मी कॅनकडे! मला हसू येत होतं आणि काळजीही वाटत होती. लोक चिडून निघून गेले तर पुन्हा या पाड्यावर कोण रक्त देणार? लताताईंनी हात जोडून समजावलं. अर्धे पुटपुटत गेले. अर्धे म्हणाले, "आता आलोच हाय तर घ्या रक्त." त्यातल्या एकीने विचारून घेतलं, "लाडू देतात ना पण?"

राजगिऱ्याचे लाडू आम्ही देतो. मग फॉर्म भरायला सुरुवात झाली. ऊन चढत होतं, रक्त वेळेत डहाणूला पोचायला हवं, म्हणून मीच लताताईंच्या मागे "आटपा, आटपा" लावलं होतं. त्यांनी युक्ती काढली. कार्डं सगळ्यांच्या हातात होतीच. कार्डावर पहिलं नाव असतं ते त्यांनी फॉर्मवर उतरवायला घेतलं. "एकेकाला कशाला विचारू? छापलेलंच आहे की!" म्हणाल्या. मला ते फार पटलं. आता आठवलं की अंगावर काटा येतो.

"सुनंदा!" लताताईंनी हाक मारली. हिरव्या साडीतली एक बारकी बाई उठली आणि खुर्चीत बसली.

"अंगावर कुठे नायटा? खाज?"

"नाय."

"तोंडात पांढरं येतं कधी?"

"नाय."

हात बघितले, पाय बघितले, स्वच्छ. सगळ्या प्रश्नांना 'नाय'. शीर पण पटकन मिळाली. मी नळीवर कोड लिहिला आणि मनात म्हटलं, अशी दहा माणसं मिळाली तर किती बरं होईल.

•

रक्त काढलं की घड्याळ सुरू होतं. चार तासांत पेशी वेगळ्या झाल्या पाहिजेत, नाहीतर त्यांच्यातली जनुकं उगाचच काहीतरी करायला लागतात आणि आमची मेहनत फुकट जाते. मंगळवारी परत येताना नेमकी नाक्यावर पोलिसांनी गाडी थांबवली. इकडे ते नेहमीचंच, पलीकडे दारूबंदी आहे ना. त्यातून आमच्याकडे झाकण टेप लावून बंद केलेला मोठा थर्माकोलचा डबा!

हवालदार नवीन होते, विदर्भातून बदली होऊन आलेले. त्यांनी डब्यावर काठी टेकवली. "याच्यात काय हाय?"

हरेशभाईंना वाटलं आपण शास्त्रीय उत्तर द्यावं. "साहेब, पांढरी पेशी छे. पेशीसाठी चाललोय."

"पेशी? कोणत्या कोर्टात?"

"कोर्टात नाय साहेब, डहाणूला."

"अरे, डहाणूलाच तर कोर्ट हाय!"

"हा, पण आमची पेशी डब्यात हाय!"

हवालदार हरेशभाईंचा वास घ्यायला पुढे झाले. मी मागच्या सीटवर घड्याळाकडे बघत घामाघूम. शेवटी मॅडम उतरल्या, ओळखपत्र दाखवलं, डब्यात रक्ताच्या नळ्या आहेत हे सांगितलं. हवालदारांनी लगेच काठी मागे घेतली. "रक्त हाय तं रक्त सांगा ना बाप्पा! पेशी कायले सांगता?" आणि स्वतः पुढच्या ट्रकला बाजूला घेऊन आमची वाट मोकळी करून दिली.

लॅबमध्ये पोचलो तेव्हा हातात जेमतेम तास होता. मशीन फिरवून झाल्यावर नळीत मधोमध पांढऱ्या पेशींची पातळ साय दिसते, ती अलगद उचलायची. हे करताना मी श्वास घेत नाही. त्या दिवशी लाईट एकदाही गेली नाही. त्याचीही मला काळजी वाटली.

•

मुंबईच्या मोठ्या लॅबमध्ये आमचे नमुने जातात, तिथे अनिकेत नावाचा मुलगा जनुकांच्या याद्या काढतो. कोणतं जनुक चालू, कोणतं बंद, सगळं कोडवर. नळ्या लॅबमध्ये आल्या की मॅडम माझा कोड काढून नवा नंबर घालतात, त्यामुळे नाव त्याला कळत नाही, आम्हालाही नाही. कोड आणि नावांची वही मॅडमच्या कपाटात, किल्ली मॅडमच्या पर्समध्ये.

एके दिवशी सकाळी त्याचा फोन आला. "ज्योतीताई, तुमचा कंट्रोल नंबर चार उठतच नाहीये."

"म्हणजे?"

"बुरशी घातली तरी सगळं शांत. काहीच हालचाल नाही. तुम्ही बुरशी घालायला विसरला नाहीत ना?"

झालं! मी वही काढली. घातल्याची वेळ, सही, सगळं होतं. पण वहीत असलं म्हणजे घातलीच असं थोडंच? मी सही करून विसरले असेन. पेशी मेल्या असतील. मीच मारल्या असतील! मला माझी नोकरी गेलेली दिसायला लागली.

आम्ही प्रत्येकाच्या थोड्या पेशी गोठवून ठेवतो. चार नंबरच्या बाहेर काढल्या, सगळं पुन्हा केलं, या वेळी लताताईंना शेजारी उभं करून मोठ्याने बोलत बोलत, "बघा हं, घातली! पाहिलंत ना? घातली!" आठवड्याने अनिकेतचा फोन. "ताई, तुमची चूक नाही. याच पेशींना जिवाणू दाखवला तर छान उठतात. फक्त बुरशीलाच उठत नाहीत. ही माणसातलीच गोष्ट आहे. यांचं जनुक तपासू का?"

मी सुटले म्हणून आनंदाने फोन ठेवला. मग वळले तर मॅडम मागे उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्या एवढंच म्हणाल्या, "बघू."

मॅडम "अरे बाप रे" म्हणाल्या तर समजावं, काही नाही. "बघू" म्हणाल्या की माझी झोप जाते. मी विचारलं, "मॅडम, बुरशीला पेशी उठल्याच नाहीत तर काय होतं?"

"बरीच वर्षं कातडीवरच राहते. मग आत उतरते. कधीकधी मेंदूत."

•

जनुकाचा निकाल येईपर्यंत कपाट उघडायचं नाही, असा नियम. ते दिवस फार वाईट गेले, कारण आम्ही चौघांनीही कंट्रोल म्हणून रक्त दिलेलं होतं! चार नंबर आमच्यातलाही असू शकत होता.

हरेशभाई मान खाजवायला लागले. आधी कधी खाजवली नव्हती. लताताईंनी पायाच्या नखाचा फोटो काढून मला पाठवला, "हे पिवळं आधीपासून होतं का गं?" त्यांचं नख मी आधी कशाला बघितलं असेल? मी स्वतः रोज आरशापुढे जीभ काढून उभी. आई म्हणाली, "कोणाला वेडावतेस?"

एका दुपारी हरेशभाई गंभीर चेहऱ्याने आले. "ज्योतीबेन, मला काय झालं तर गाडीचं एक सांगून ठेवतो. सेकंड गियर जरा अडकते." एवढं बोलून निघून गेले.

शेवटी अनिकेतचा निकाल आला. जनुक खरोखरच बिघडलेलं होतं, आणि आई-बापाच्या दोन्ही बाजूंनी. मॅडमनी कपाट उघडलं, वहीवर बोट फिरवलं आणि वाचलं, "सुनंदा."

आमच्या तिघांच्याही तोंडून एकदम "हुश्श!" निघालं. लगेच आम्ही एकमेकांकडे बघायचं टाळलं. मला माझी लाज वाटली. त्या हिरव्या साडीतल्या बाईला यातलं काहीच माहीत नव्हतं.

•

आम्ही त्याच दिवशी तलासरीला निघालो. वाटेत मॅडम लताताईंना शिकवत होत्या, तिला घाबरवायचं नाही, हळूहळू सांगायचं. मी मागे बसून हळूहळू सांगण्याच्या गोष्टी मनात घोकत होते.

सुनंदाचं घर सापडलं. दारात एक उंच, दणकट बाई तांदूळ पाखडत होती. "मीच सुनंदा," म्हणाली. आम्ही आत बसलो. मॅडमनी पाठ, मान, केसांत, तोंडात, सगळीकडे तपासलं. कुठे ठिपकासुद्धा नाही! मॅडमच्या कपाळावर आठी आली. मला ती बाई काही केल्या आठवेना. माणूस बारकं होतं हे मला पक्कं आठवत होतं. कॅम्पला जाऊन दोन-अडीच महिने झाले होते, एवढ्यात कोणी एवढं उंच होतं का?

"सुनंदाबाई, त्या दिवशी रक्त कुठल्या हातातलं काढलं होतं?" मी विचारलं.

"माझं? माझं कोणी काढलं? मला सुईची भीती वाटते!"

"मग तुमचं नाव...?"

"नाव कार्डावर माझं हाय. कार्ड घेऊन नणंद गेली होती, मंजुळा. मी भात लावायला गेलेली."

"पण आम्ही सुनंदा म्हणून हाक मारली, ती उठली!"

सुनंदाने आमच्याकडे असं बघितलं की हे लोक शिकलेत तरी काय! "कंट्रोलवर ज्याचं कार्ड त्याचंच नाव पुकारतात ना? कार्ड ज्याच्या हातात, तो उठतो. दुसरं कोण उठणार?"

लताताईंनी डोक्याला हात लावला.

मॅडमनी विचारलं, "मंजुळाला अंगावर काही आहे का?"

"कंबरेला हाय, पाठीला हाय. लहानपणापासून. पण ती कोणाला दाखवत नाय. त्याच्यावरूनच तर नवऱ्याने सोडली तिला. गेला वापीला, दुसरी केली. म्हणाला, हिचं पोरीला लागलं, आता मला लागंल." सुनंदाने सूप बाजूला ठेवलं. "तिचा धाकटा भाऊ, माझा दीर, त्याला पण होतं. तो तर गेला. डोकं धरून धरून गेला. कोणी म्हणे बाहेरचं, कोणी म्हणे ऊन लागलं."

मॅडम म्हणाल्या, "बघू." आणि लगेच उभ्या राहिल्या. "मंजुळा कुठे आहे आता?"

"झाईला. बोंबील वाळत घालायच्या कामाला. पोरीला घेऊन गेलीय."

•

झाईला जाताना गाडीत लताताई रडत होत्या. "माझ्यामुळे झालं हे. आज महिने गेले. तिचं काही बरंवाईट झालं असेल तर?"

हरेशभाईंनी आरशातून बघत समजूत काढली. "लताबेन, तुम्ही कंट्रोल बोलले नसते तर ती बाई आलीच नसती. आजारी माणसं या म्हटलं असतं तर आली असती का? लपवून ठेवते ना ती!"

हे खरं होतं. तेवढ्यापुरतं बरं वाटलं. मग मला दुसरी काळजी लागली, त्या दिवशीची बाकीची नावं! मी गाडीतूनच एकेकाला फोन लावायला सुरुवात केली. 'लक्ष्मी' म्हणून जिचं रक्त होतं ती लक्ष्मीची जाऊ निघाली. 'पार्वती' म्हणून आलेली तिची सून होती. रॉकेलवाल्या आजोबांनी मात्र फोनवर ठासून सांगितलं, "मी मीच होतो!"

झाईला किनाऱ्यावर बांबूंच्या वलांड्यांवर बोंबील टांगलेले, खाली बायका डोक्याला फडकी बांधून कामात. हिरवी साडी नव्हती, पण मी तिला लगेच ओळखलं. शेजारी वाळूत तीन वर्षांची मुलगी शिंपले खेळत होती.

आम्हाला बघून मंजुळा घाबरली. पहिलं वाक्य तिचं, "लाडू मी एकच घेतला होता."

मॅडमनी तिला बाजूला होडीच्या सावलीत बसवलं. हळूहळू सांगायचं ठरलं होतं, पण मॅडमना धीर निघाला नाही. "मंजुळा, तुझं डोकं दुखतं का?"

मंजुळा हसली. "बाई, डोकं कोणाचं दुखत नाय?"

मी लताताईंचा हात धरला.

"रोज दुखतं?"

"उन्हात काम करते ना. पंधरा-वीस दिवस झाले असतील. सकाळी उठल्यावर जरा जास्त."

मॅडम "बघू" म्हणाल्या नाहीत. त्यांनी तिथूनच फोन लावून मेंदूच्या स्कॅनची सोय केली, लांबच्या एका मोठ्या हॉस्पिटलमध्ये, आणि मंजुळाला सांगितलं की आत्ता, आहेस तशी, गाडीत बस. ती म्हणाली, "बोंबील कोण काढणार?" शेजारची बाई ओरडली, "अगं जा ना, मी काढते!" तेव्हा कुठे उठली.

स्कॅनच्या दाराबाहेर आम्ही तिघं आणि मांडीवर ती मुलगी, कार्तिकी. हरेशभाई पाच चहा प्यायले. लताताई मोजत होत्या, किती वेळ झाला. मी देवाला सांगत होते की माझी नोकरी गेली तरी चालेल. मॅडम आत होत्या. दार उघडलं, मॅडम बाहेर आल्या, चष्मा काढला, डोळे पुसले आणि म्हणाल्या, "अरे बाप रे!"

मी खाली बसले. "काही नाही ना मॅडम?"

"काही नाही. मेंदू स्वच्छ आहे. डोकं उन्हाचं आणि उपाशी राहण्याचं."

हरेशभाई सहावा चहा आणायला गेले.

•

मंजुळाला गोळ्या सुरू झाल्या. तिला समजवायला मॅडमनी एक अख्खी दुपार घालवली. तुझ्या पेशींना बाकी सगळं ओळखता येतं, बुरशी तेवढी ओळखता येत नाही. तुझी चूक नाही, घाणीमुळे नाही, कोणाचं लागलेलंही नाही. जन्मतःच असं आहे, गोळी मात्र बंद करायची नाही.

मंजुळाने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "किती दिवस?"

"कायमची."

"बरं." एवढंच. मला वाटलं होतं रडेल. तिने गोळ्यांची पट्टी पदराला बांधली.

दोन महिन्यांनी कंबरेवरचे चट्टे फिके पडले. लताताई तिला बघून आल्या की लॅबमध्ये पेढे वाटल्यासारखं सांगत सुटायच्या. पण मॅडम "बघू" एवढंच म्हणायच्या. कारण कार्तिकीच्या मांडीवर एक गोल चट्टा होता. तो साधाही असू शकतो, इकडे तर कोणाला नसतो? किंवा मामासारखा, आईसारखा असू शकतो. बघायला रक्त पाहिजे, आणि मंजुळा पोरीचं रक्त देईना.

"माझं हवं तेवढं काढा. तिला नाय टोचायचं."

लताताई गेल्या, तिने नाही म्हटलं. मॅडम गेल्या, तिने नाही म्हटलं. मग मी गेले. मला समजावता येत नाही, मी तिच्याशेजारी बसून बोंबील लावत राहिले. बऱ्याच वेळाने ती आपणहून बोलली, "ताई, रक्त दिलं आणि तिचं पण माझ्यासारखंच निघालं, तर मग मी काय करू?"

मी खरं तेच बोलले. "मला पण भीती वाटते. मी रोज विचार करते त्याचा."

"तुम्ही? तुमची कोण लागते ती?"

"कोणी नाही. पण वाटते."

तिने माझ्याकडे बघितलं. म्हणाली, "तुम्हाला बोंबील लावता येत नाय." मग उठून हात धुतले आणि पोरीला उचललं. "चला. पण सुई तुम्हीच लावायची. दुसऱ्या कोणी नाय."

तीन वर्षांच्या मुलीची शीर! माझ्या आयुष्यात इतकी काळजीपूर्वक मी कधी सुई लावली नाही. कार्तिकी एकदाच ओरडली. मंजुळाने डोळे गच्च मिटले होते. नळीवर नाव लिहिताना मी मंजुळाला तीनदा विचारलं, "हिचं नाव कार्तिकीच ना?"

•

निकालाला तीन आठवडे लागले. त्या तीन आठवड्यांत मी काय केलं ते विचारू नका. अनिकेतला मी इतके फोन केले की शेवटी तो "ताई, अजून नाही" असं म्हणूनच फोन उचलायचा.

निकाल आला तेव्हा तो मॅडमच्या कॉम्प्युटरवर आला. आम्ही तिघं दारात. मॅडमनी वाचला, पुन्हा वाचला, आणि आम्हाला काही न सांगता थेट मंजुळाला फोन लावला, स्पीकरवर. पलीकडे वारा आणि बायकांचा गलका ऐकू येत होता.

"मंजुळा, कार्तिकीचा रिपोर्ट आला. चांगला आहे. तिच्या पेशी बुरशीला बरोबर ओळखतात. मांडीवरचा चट्टा साधा आहे, मलमाने जाईल."

पलीकडे गलका वाढला.

"ऐकू येतंय ना?"

"म्हणजे माझं तिच्यात नाय गेलं?" आवाज अगदी बारीक आला होता.

मॅडमना खोटं बोलता येत नाही. म्हणाल्या, "गेलंय. अशी जनुकं प्रत्येकाकडे दोन असतात, एक आईकडचं, एक बापाकडचं. तुझी दोन्ही बिघडलेली, म्हणून तुला त्रास. तिच्याकडे तुझ्याकडून आलेलं बिघडलेलं आहे. पण बापाकडून आलेलं चांगलं आहे. एक चांगलं असलं की भागतं. त्या एकावर तिचं सगळं नीट चाललंय."

वारा नुसता घोंघावत राहिला. मॅडम फोनकडे बघत होत्या. लताताईंनी पदर तोंडाला लावला होता.

मग मंजुळाचा आवाज आला, मोठा, अगदी खणखणीत.

"एवढं एक तरी धड देऊन गेला मेला!"